शूलपाणीच्या झाडीत आता लुटतो कोण?

कार्तिकी एकादशी झाली की धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर अंगाला पांढऱ्या कपड्यांतली माणसे दिसू लागतात. पाठीवर पडशी, हातात काठी आणि कमंडलू, तोंडी ‘नर्मदे हर’. ही परिक्रमावासी मंडळी. बहुतेक जण ओंकारेश्वरहून निघतात. नदी उजव्या हाताला ठेवायची, ती कुठेही ओलांडायची नाही, दक्षिण काठाने समुद्रापर्यंत जायचे, तिथे नावेने पलीकडे उतरायचे आणि उत्तर काठाने अमरकंटकला वळसा घालून परत यायचे. आपल्या जिल्ह्यात ही मंडळी पोचतात तेव्हा चालायला लागून त्यांचे थोडेच आठवडे झालेले असतात, आणि अख्ख्या वाटेतला सर्वांत अवघड टप्पा पुढे उभा असतो. बडवानीजवळच्या राजघाटापासून गुजरातेतल्या गोऱ्यापर्यंतचा हा डोंगरपट्टा. त्याला जुन्या काळापासून शूलपाणीची झाडी म्हणतात.

या मंडळींबद्दल आपल्याकडे बातमी येते ती दोनच वेळा. कोणी मोठा माणूस परिक्रमेला आला तर सत्काराची, नाहीतर कोणी दरीत घसरला तर अपघाताची. मधल्या चार महिन्यांत त्या पाड्यांवर काय चालते, कोण कोणाला जेवू घालते, आणि ते धान्य कुठून येते, याची विचारपूस होत नाही. वास्तविक पाहता हा प्रश्न देवाधर्माचा कमी आणि गावगाड्याचा जास्त आहे, म्हणून या पानावर त्याची दखल घ्यायला हवी.

दोन वाटा, दोन जिल्हे

आधी वाट समजून घेऊ. बडवानीहून पुढे निघालेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात. एक सपाटीचा: खेतिया, शहादा, प्रकाशा करत, अक्कलकुव्याकडून गुजरातेत उतरायचे. डांबरी रस्ता, दुकाने, दवाखाने, प्रकाशाला तापीकाठी मुक्काम. बसने परिक्रमा करणाऱ्यांच्या गाड्या याच अंगाने जातात. पंधरा-वीस दिवसांत सगळा फेरा उरकणारी ही मंडळी झाडीचे नाव ऐकतात, झाडी बघत नाहीत.

दुसरा मार्ग झाडीचा. बडवानीकडून डोंगर चढून आत शिरायचे, भादलच्या अंगाने मध्य प्रदेशची हद्द सोडायची आणि महाराष्ट्रात यायचे. मग खापरमाळ, भमाणे, सावऱ्या दिगर, बिलगाव असे पाडे घेत धडगावचा मुलूख, पुढे मोलगी, पिंपळखुटा, वडफळी, आणि तिथून गुजरातेतले कणजी, माथासर, झरवाणी करत गोऱ्याला उतरायचे. नकाशावर अंतर फार दिसत नाही. पण सातपुड्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. एक रांग चढायची, माथ्यावर आले की पुढची रांग दिसते, मधला ओढा खाली कुठेतरी खोल. उतरताना पायाखाली सुटी खडी आणि मुरूम, चढताना ऊन पाठीवर. दुपारपर्यंत दोन रांगा झाल्या तरी चांगली चाल म्हणायची. पायवाटेला फाटे फार, कारण ती यात्रेकरूंसाठी केलेली वाटच नाही. ती बाजाराला जायची, गुरे न्यायची, सोयरिकीला जायची वाट आहे. फाट्यावर विचारायला माणूस भेटला तर ठीक, नाहीतर चुकीच्या सोंडेवर तासभर चढून परत यायचे.

बाहेरच्या माणसाचा आणखी एक घोटाळा होतो. तो ‘गाव’ शोधतो. पावरा आणि भिल्ल वस्तीत घराला घर लागून नसते. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. एकेक गाव तीन-चार टेकड्यांवर पसरलेले. दिवस मावळताना समोर दिवा दिसतो, तो ‘गावाचा’ नसतो, एका घराचा असतो. आणि त्या घराला त्या रात्री धर्मशाळा व्हावे लागते.

आता ‘झाडी’ म्हणावी इतकी झाडी तरी आहे का? आपल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी नाही. मोह, तेंदू, सालई, कुठे साग असे उभे दिसते, पण कितीतरी डोंगर उघडे पडले आहेत. ठेकेदारांनी पिढ्यान्‌पिढ्या लाकूड नेले, पोटासाठी उतारावर नेवाड पडले. खरे जंगल लागते ते गुजरातेत शिरल्यावर. तिथे शूलपाणेश्वर अभयारण्य आहे, सुमारे ६०७ चौरस किलोमीटरचे. १९८२ साली ते डुमखल अभयारण्य म्हणून अस्वलांसाठी जाहीर झाले, मग वाढवत नेले. त्या भागात अंधार पडल्यावर कोणी चालत नाही, आणि चालूही नये.

मामांची गोष्ट

झाडीचा लौकिक मात्र अस्वलामुळे झालेला नाही. तो झाला लुटीमुळे. जुन्या परिक्रमावासीयांकडून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते ते असे: झाडीत भिल्ल गाठतात, तीरकमठा दाखवतात, धान्य, भांडी, घोंगडी, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतात आणि लंगोटीवर पुढे सोडतात. जीव सहसा घेत नाहीत. या लुटणाऱ्यांना परिक्रमावासी ‘मामा’ म्हणत. नर्मदा आई, मग तिच्या काठचे भिल्ल तिचे भाऊ, म्हणजे आपले मामा. मैयाच आपल्या भावांकडून लेकराचा अहंकार उतरवून घेते, अशी त्यावर श्रद्धेची मखलाशी. याच झाडीत अश्वत्थामा जखम घेऊन हिंडतो, वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो, असाही समज आहे. त्याच अश्वत्थाम्याच्या नावाचे अस्तंभा शिखर आपल्याच जिल्ह्यात आहे. दिवाळीत तिथे हजारो आदिवासी बांधव अनवाणी चढतात. म्हणजे परिक्रमावासी येण्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरात चालण्याची स्वतःची परंपरा आहे, हे लक्षात ठेवावे.

मामांच्या गोष्टीत एक गोष्ट कोणी सांगत नाही. लुटीचा माल काय होता? पीठ, डाळ, घोंगडी, तांब्या. सोने-नाणे नव्हे. जंगल सरकारजमा झाले, मोहाची फुले वेचायलाही रखवालदाराचे तोंड बघायची पाळी आली, तेव्हा थंडीच्या दिवसांत घोंगडी हिसकावणारा माणूस दरोडेखोर होता की उघडा होता? गुन्ह्याचे समर्थन नाही. पण ज्या माणसाची ओळख तीनशे कोस दूरपर्यंत ‘लुटारू’ अशी गेली, त्याची बाजू कोणी लिहून ठेवली नाही, एवढे तरी मान्य करावे.

आता ही लूट बंद झाली आहे. पूर्वी ज्या पाड्यावर कपडे उतरवले जात, त्याच पाड्यांवर आता हाका मारून बसवतात, ‘किती मूर्ती?’ असे विचारतात. परिक्रमेत माणसे मोजत नाहीत, मूर्ती मोजतात. दोन मूर्ती असोत की वीस, मक्याची किंवा ज्वारीची भाकरी आणि डाळ पुढे येते. हा बदल का झाला? काठावर आश्रम झाले, साधूंनी सदावर्ते सुरू केली, शाळा आल्या, काही घरांनी माळ घातली, हे एक कारण. रस्ते आले, माणसे बाहेर कामाला जाऊ लागली, हे दुसरे. आणि तिसरे जरा अवघड कारण आहे: मामांचा जो काठ होता, तोच राहिला नाही.

वाट पाण्याखाली

सरदार सरोवराची कहाणी आपल्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही, पण तारखा एकत्र ठेवू. १९६१ साली पायाभरणी, १९७९ साली लवादाचा निवाडा, १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी. महाराष्ट्रातल्या बुडिताची सुरुवात तिथून झाली. त्याच सुमारास शूलपाणेश्वराचे जुने मंदिर, ज्याच्या नावावरून झाडीला नाव पडले, ते पाण्यात गेले. देव गोऱ्याला नव्या मंदिरात नेला. उत्तर काठचे हापेश्वरही बुडाले. महाराष्ट्रातली ३३ गावे, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, बुडितात धरली होती. १९९४ ला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, २००० साली निकाल, मग टप्प्याटप्प्याने भिंत वर. २०१७ च्या जूनमध्ये दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात धरण प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरले. मागे साठलेले पाणी दोनशे किलोमीटरहून लांब पसरले.

याचा परिक्रमेच्या वाटेशी काय संबंध? सरळ आहे. जुनी वाट काठाची होती. पाण्याचा आवाज कानावर ठेवून चालायचे, वाळूवर मुक्काम करायचा. ती वाट आता जलाशयाच्या तळाशी आहे. आज जी ‘हजारो वर्षांची प्राचीन पायवाट’ म्हणून शहरातल्या व्याख्यानांत सांगतात, ती आपल्या जिल्ह्यात पंचवीस-तीस वर्षांची आहे. काही ठिकाणी पाच-सहा वर्षांचीच. उदईसारख्या उपनद्यांच्या खोऱ्यांत फुगवटा आत शिरला, त्यामुळे जिथे गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायचे तिथे आता तळे आहे. मग एक तर होडी, नाहीतर खोऱ्याला लांब वळसा. होडीत बसावे तर नियमवाले विचारतात, हे पाणी उदईचे की नर्मदेचे? नर्मदेचे असेल तर ओलांडता येत नाही. या शास्त्रार्थात न पडता लोक वरून जातात आणि म्हणून चढ वाढले. टप्पा आधीपेक्षा अवघड झाला तो निसर्गाने नव्हे, धरणाने.

काठ गेला म्हणजे नुसती वाट गेली नाही. काठची गाळाची जमीन गेली. तिथे पावसाळ्यानंतरही मका, भाजी, टरबूज निघायचे. घर बुडाले ते वर सरकले, उतारावरच्या खडकाळ तुकड्यावर. काही कुटुंबे तळोद्याकडे वसाहतींत गेली. रेवानगर, नर्मदानगर ही नावे बघा. नदी मागे राहिली आणि तिचे नाव पाटीवर आले. जी वर सरकली, तीच आज यजमान आहेत.

सात दिवसांचे पीठ

आता मुद्द्याचा हिशोब. समजा, एका घरी रोज दहा मूर्ती उतरल्या. हंगामात हा आकडा काही मोठा नाही. रात्रीचे जेवण आणि सकाळी निघताना भाकरी, माणशी अर्धा किलो धान्य धरा. झाले पाच किलो. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला महिन्याला मिळते ३५ किलो. म्हणजे घरातल्या माणसांनी एक दाणा न खाता ते रेशन पाहुण्यांनाच वाढले तर सातव्या दिवशी पोते रिकामे. सरपण, मीठ, तेल, चहाची साखर वेगळी. पाणी तर विचारूच नका. मार्गशीर्ष-पौषात ठीक असते, माघ संपता संपता झऱ्यावर हंड्यांची रांग लागते आणि ते हंडे डोक्यावरून चढवणाऱ्या बायका त्याच घरच्या असतात.

हे सगळीकडे एकसारखे नाही, हेही खरे. काही आश्रमांना नाशिक, पुणे, इंदूर, सुरतेकडून धान्य येते, काही सेवाभावी मंडळी ट्रक पाठवतात. पण ट्रक डांबर संपते तिथे थांबतो. त्यापुढचे पोते ज्याच्या पाठीवर जाते, त्याच्या मजुरीचा विचार पावती फाडताना होत नसतो. आणि आश्रमाच्या अलीकडे-पलीकडे जी सुटी घरे लागतात, त्यांच्या वाट्याला दात्याचा ट्रक नाही, फक्त पाहुणा येतो.

याच दिवसांत त्याच पायवाटेवर आणखी एक रांग दिसते, उलट दिशेने. दिवाळी झाली की धडगाव-मोलगी भागातली जवान माणसे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन ऊसतोडीला निघतात. कोणी शहाद्याकडे, कोणी बार्डोली-सुरतेकडे. भांडी, गोधडी, कडेवर पोर, मागे कोंबडी. त्यांच्याही पाठीवर ओझे असते आणि त्यांनाही होळीपर्यंत घर नसते. पण त्यांना वाटेत कोणी बसवून ‘किती मूर्ती’ असे विचारत नाही. घरी राहतात म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरे. परिक्रमावासीयांना भाकरी थापून देणारी आजी दिसते त्याचे कारण हे आहे. पुस्तकात तिचे ‘अन्नपूर्णा’ म्हणून वर्णन येते, सून कुठे गेली ते येत नाही.

पुस्तकांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मराठी माणसाला या नदीची ओढ जुनी. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ घराघरांत वाचली गेली. अलीकडे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने तर हजारो माणसांच्या डोक्यात परिक्रमेचे वेड घातले. भारती ठाकूर यांनी परिक्रमा केली, पुस्तक लिहिले आणि पुढे निमाडातच मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले, ही घेण्यासारखी गोष्ट. २०१७-१८ मध्ये दिग्विजय सिंह सहा महिने चालले, तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरेही चालले. त्यानंतर भ्रमणध्वनीवर चित्रफिती आल्या. आता झाडीत कुठे वळायचे, कुठे चहा मिळतो, हे पुण्यात बसून कळते. गर्दी वाढली त्यात नवल नाही. गुजरातेत रामपुरा-तिलकवाडा इथली चैत्रातली एका दिवसाची उत्तरवाहिनी परिक्रमा तर मराठी भाविकांनी फुलून जाते.

गर्दीबरोबर काय आले? गोळ्या-बिस्किटांचे कागद, पाण्याच्या बाटल्या, झऱ्यावर साबण. आणि एक वाईट सवय. पूर्वी पोरे ‘नर्मदे हर’ म्हणून हात जोडायची. आता म्हणतात आणि हात पुढे करतात. ही सवय त्यांना उपजत नव्हती. पिशवीतून गोळ्या उधळत जाणाऱ्या दानशूरांनी ती लावली. स्वाभिमानाने तीरकमठा धरणाऱ्याच्या नातवाला गोळीसाठी धावायला शिकवणे हे कुठल्या पुण्यात बसते, ते त्यांनाच ठाऊक.

रस्ता हवा की वाट हवी

शहरातून येणाऱ्या काही मंडळींचे म्हणणे असते की झाडीत रस्ते करू नका, मोबाईलचे मनोरे नकोत, मूळ वातावरण जाईल. त्यांची कळकळ समजते. डांबरावर चालून तळपाय भाजतात आणि मातीची वाट बरी, हेही खरे. पण त्यांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

२०२१ च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. एक आदिवासी बांधव आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघाला. दवाखाना गाठण्याआधी ती गेली. देशभर बातमी झाली. आत पाड्यांवर तर हे बातमी होण्याइतके नवे नाही. अडलेल्या बाळंतिणीला बांबूला झोळी बांधून चार जण खांद्यावर उतरवतात. या झोळीला लोकांनीच ‘बांबुलन्स’ नाव दिले आहे. हसू येते, मग येत नाही. आता बघा, जो चढ परिक्रमावासी ‘तपश्चर्या’ म्हणून एकदा चढतो, तोच चढ कळा सुरू झालेली बाई झोळीत लोंबकळत उतरते. एकाच चढाचे हे दोन अर्थ आहेत, आणि दुसरा अर्थ आधी बघायला हवा. त्यामुळे रस्त्याला विरोध करण्याचा अधिकार, माझ्या मते, पाहुण्याला नाही.

पाण्यावरची स्थितीही तशीच. धरण झाल्यावर होडी हा इथला रस्ता झाला. तरंगता दवाखाना काढला, तो चांगला उपक्रम. पण एक बोट किती काठ गाठणार? २०१९ च्या संक्रांतीला भुषा इथे नर्मदेची पूजा करायला गेलेल्या आदिवासी भाविकांची बोट उलटली, माणसे गेली. तेही यात्रेकरूच होते. काठावर घाट नाही, बोटीत किती बसवायचे याला धरबंद नाही, जीवरक्षक जाकिटे नाहीत, अशी ओरड त्या वेळी झाली. झाडीच्या यात्रेचा विचार करताना या घरच्या यात्रेकरूंना आधी मोजले पाहिजे.

याउलट गोऱ्याला उतरल्यावर काय दिसते? २०१८ साली उभारलेला सरदारांचा पुतळा, रुंद रस्ते, घाट, रात्री दिव्यांची आरास. त्याच नदीच्या, त्याच जलाशयाच्या दोन टोकांना हा एवढा फरक. २०१८ सालीच आपला जिल्हा केंद्राच्या ‘आकांक्षित’ यादीत बसला. नाव गोंडस आहे, अर्थ मागास. आता झाडीत ‘पर्यटन विकास’ करा अशी मागणी हळूहळू ऐकू येऊ लागली तर त्यात आश्चर्य नाही. तंबू, निवास, ‘ट्रेक’च्या सहली. हे काम बाहेरच्या कंपनीकडे गेले तर मामांच्या पोरांच्या वाट्याला ओझी वाहणे आणि ताटे धुणे येईल. लुटीचा तिसरा अंक म्हणा हवे तर.

करता येण्यासारखे

मग करायचे काय? काही गोष्टींना कायदा नवा लागत नाही, पैसाही फार लागत नाही. हा सगळा पट्टा अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ चा पेसा कायदा आहे, त्याखाली ग्रामसभांना थेट अबंध निधी मिळतो. २००६ चा वनहक्क कायदा आहे, सामूहिक हक्क मिळालेल्या गावाला आपल्या जंगलाची व्यवस्था ठरवता येते. परिक्रमावासी कुठून जातील, कुठे थांबतील, एका पाड्यावर किती थांबतील, हे ग्रामसभेने ठरवावे. तालुक्याच्या कचेरीने फक्त पाठीशी उभे राहावे. एकट्या घरावर पडणारा भार त्यामुळे गावावर विभागला जाईल. मुक्कामाला वेगळी इमारत हवीच असे नाही. एखादी पडवी वाढवली, शेजारी दोन शौचालये आणि पाण्याची टाकी झाली तर पावसाळ्यात ती गावाच्याच कामाला येते. परिक्रमेत बायकांची संख्या वाढते आहे, त्यांची आज फार अडचण होते. गावातल्या बायकांची तर वर्षभर होते.

दुसरे, धान्य. धडगाव आणि मोलगी ही दोन बाजाराची ठिकाणे आहेत. दात्यांनी ट्रक आश्रमाच्या नावे पाठवण्यापेक्षा बचत गटाकडून तिथेच मका, ज्वारी, भगर विकत घ्यावी आणि सुट्या घरांपर्यंत पोचवण्याची मजुरी द्यावी. पैसा डोंगरात राहील. मोहफुले, चारोळी, आमचूर हा इथला माल दरवर्षी व्यापारी पडत्या भावाने उचलतो. परिक्रमावासी पाठीवर फार नेऊ शकत नाही हे कबूल, पण प्रकाशा मार्गाने जाणाऱ्या बसगाड्यांना पोटपाठीचा प्रश्न नाही. सपाटीवरच्या त्या थांब्यांवर डोंगरातल्या बायकांचे एक दुकान लावून देणे जिल्हा परिषदेला जड नाही.

तिसरे, नोंद. परिक्रमावासीयाकडे एक कागद असतो, त्यावर गावोगावचे शिक्के घेत तो जातो. भादलकडून हद्दीत आला की आपल्या पहिल्या ग्रामपंचायतीने नाव-गाव, वय, दुखणे लिहून घ्यावे आणि पुढे पिंपळखुट्याकडून गुजरातेत जाताना ते मिळवून बघावे. माणूस हरवला तर कोणत्या दिवशी कुठपर्यंत होता हे तरी कळेल. आज ते घरच्या लोकांच्या फोनवर अवलंबून आहे, आणि झाडीत बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही.

यातले काहीच झाले नाही तरी मंडळी येणारच, कारण श्रद्धेला शासननिर्णय लागत नाही. आणि आजी भाकरी थापणारच. ज्यांना यंदा झाडीतून जायचे आहे त्यांनी तरी काही पथ्ये पाळावीत. चार-पाच जणांपेक्षा मोठ्या जथ्याने एका घरी उतरू नये. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा. उजेड असतानाच घरधन्याला विचारून एक हंडा पाणी आपण चढवावे. गोळ्यांची पाकिटे घरीच ठेवावीत. ‘आम्ही पैसे घेत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या हातात नोट कोंबू नये, त्याला ते लागते. त्यापेक्षा धडगाव-मोलगीच्या बाजारात माणशी दोन किलो तांदूळ आणि पावशेर तेल विकत घ्यावे आणि पुढच्या मुक्कामावर चुलीपाशी ठेवून द्यावे. दोन किलोने पाठ मोडत नाही.